मुक्त विद्यापीठाचा छोटा कोर्स करायचाय? किनाऱ्यावरच्या गावांतून येणारे नेहमीचे प्रश्न

आमच्या गावच्या वाचनालयात गेली काही वर्षं मी संध्याकाळी बसून लोकांचे प्रवेश अर्ज भरून देतो. होमस्टे चालवणाऱ्या वहिनी येतात, कलमांची बाग सांभाळणारे येतात, दोन महिने होडी वर ओढलेली असताना हात रिकामे असलेले तरुण येतात. प्रश्न दरवर्षी तेच असतात, म्हणून ते एकदा लिहून काढले. अर्ज भरणं फार अवघड नाही. अडतं ते नावात, मोबाईल नंबरात आणि हंगामात. त्यामुळे त्या तीन ठिकाणी उत्तरं लांबली आहेत.

छोटा कोर्स म्हणजे नेमका किती छोटा?

सहसा सहा महिन्यांचा. याला प्रमाणपत्र शिक्षणक्रम म्हणतात. वर्षभराचा असेल तर बहुधा पदविका. मात्र ‘सहा महिने’ हा शब्द फसवा आहे. इग्नू या केंद्राच्या मुक्त विद्यापीठात अभ्यास श्रेयांकात मोजतात आणि एक श्रेयांक म्हणजे ३० तासांचा अभ्यास. सोळा श्रेयांकांचा कोर्स असेल तर ४८० तास झाले. सव्वीस आठवड्यांत वाटून बघा, दिवसाला अडीच तासांच्या वर जातात. त्यात वाचन, स्वाध्याय म्हणजे घरी लिहून द्यायची उत्तरं, अभ्यास केंद्रावरचे तास सगळं आलं. कोणी रोज घड्याळ लावून बसत नाही हे मलाही माहीत आहे, पण ‘पुस्तकं येतील, चाळू कधीतरी’ या हिशेबाने नाव नोंदवू नका.

कुठल्या विद्यापीठात नाव घालायचं?

आपल्याकडे दोन मुख्य दारं. एक नाशिकचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ. राज्याच्या कायद्याने १९८९ साली स्थापन झालेलं. ‘ज्ञानगंगा घरोघरी’ हे त्याचं ब्रीद तुम्ही एखाद्या केंद्राच्या पाटीवर वाचलं असेल. दुसरं इग्नू, म्हणजे इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठ. ते संसदेच्या कायद्याने १९८५ मध्ये सुरू झालं, मुख्यालय दिल्लीत. नाशिकचे पहिले कुलगुरू राम ताकवले पुढे इग्नूचेही कुलगुरू झाले, तेव्हा ही दोन घरं एकमेकांना अगदीच परकी नाहीत.

निवड करताना मी पहिला प्रश्न भाषेचा विचारतो. नाशिकचे बरेचसे शिक्षणक्रम मराठीत आहेत, पुस्तकंही मराठीत. इग्नूचा पसारा मोठा, विषय जास्त, पण माध्यम बहुतेक इंग्रजी किंवा हिंदी. गेल्या वर्षी एक मावशी म्हणाल्या, “माका इंग्रजी येना नाय, माका जमतला काय?” जमेल, पण मराठीतला कोर्स घेतला तर. प्रमाणपत्रावर कुठल्या विद्यापीठाचा शिक्का आहे यापेक्षा पुस्तक उघडल्यावर दुसरं पान वाचावंसं वाटतं का, हे आधी बघा.

तिसरी वाट केंद्र सरकारच्या ‘स्वयम’ची. २०१७ पासून तिथे व्हिडिओवरचे अभ्यासक्रम आहेत. शिकणं फुकट, परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तर तेवढी फी. अर्थात नेट नीट हवं. ज्या वाडीत फोन लावायला अंगणाच्या कडेला जाऊन उभं राहावं लागतं, तिथे छापील पुस्तकाचा कोर्सच बरा.

माझं शिक्षण अर्धवट राहिलंय. चालेल का?

कोर्सवर आहे. काहींना बारावी लागते, काहींना दहावी, काही त्याहून कमी शिक्षणावर चालतात. प्रत्येक शिक्षणक्रमाच्या माहितीपुस्तिकेत ‘प्रवेश पात्रता’ असा रकाना असतो, तो चालू वर्षाच्या पुस्तिकेतला वाचा. शेजारणीने तीन वर्षांपूर्वी केला तेव्हा काय अट होती, ते आज उपयोगी नाही.

जुलैत घेऊ की जानेवारीत?

इग्नूची प्रवेशाची दोन सत्रं असतात, जानेवारी आणि जुलै. नाशिकचे मुख्य प्रवेश पावसाळ्याच्या तोंडाला सुरू होतात. इग्नूच्या सत्रांत परीक्षा साधारण जूनमध्ये आणि डिसेंबरमध्ये. आता हे आपल्या कॅलेंडरवर ठेवून बघा, कारण दिल्लीतल्या किंवा नाशकातल्या माणसाला आपला हंगाम ठाऊक असायचं कारण नाही.

आंब्याचा धंदा असेल तर जानेवारी सत्र घेऊ नका. मार्चपासून मे अखेरीपर्यंत तोड, पेट्या, गाड्या आणि रात्रीची जागरणं. बाग आटोपून मान वर करावी तो जूनची परीक्षा समोर. माझ्या समोर एका बागायतदाराने मे महिन्यात पुस्तकांचा गठ्ठा आंब्याच्या रिकाम्या पेटीत ठेवला, तो तसाच राहिला. जुलै सत्रात तुम्हाला श्रावण-भाद्रपद मिळतो. डिसेंबरात मोहोराच्या फवारण्या असतात खऱ्या, पण तेवढं जमतं.

मासेमारीच्या घरांसाठी तर जुलैच. राज्यात १ जून ते ३१ जुलै यांत्रिक होड्यांना समुद्रात बंदी असते. याच दिवसांत अर्ज भरा, पुस्तकं मागवा आणि पहिले दोन-चार घटक वाचून काढा. नारळी पौर्णिमेनंतर वाचन मागे पडतं, हे गृहीत धरूनच बेत करा.

पर्यटनावर पोट असणाऱ्यांचं गणित वेगळं. दिवाळीपासून मेअखेर पाहुणे, त्यात नाताळची गर्दी डिसेंबरच्या परीक्षेला चिकटून. तरीही मी जुलैच सांगतो, कारण पावसाळ्यात खोल्या रिकाम्या असतात आणि परीक्षेचे काही पेपर नाताळच्या आधी उरकतात. वेळापत्रक लागलं की त्या तारखांचं बुकिंग घेऊ नका, एवढं पाळा.

मग जानेवारी कोणासाठी? ज्यांच्या घरी भाताची लावणी स्वतःच्या हाताने होते त्यांच्यासाठी. जून-जुलैत चिखलात उभं असताना अर्जाच्या तारखा सांभाळणं जमत नाही. नोकरदारांना दोन्ही सारखीच.

आणि शेवटच्या तारखेवर विसंबू नका. ती बऱ्याचदा वाढते, म्हणूनच लोक थांबतात. पहिल्या पावसाच्या वाऱ्याने एक माड तारेवर पडला की आमच्याकडे दीड दिवस वीज नसते. मी स्वतः माझ्या अर्जासाठी शेवटच्या रात्री मेणबत्ती आणि १२ टक्के बॅटरी घेऊन बसलो होतो. अर्ज गेला, पण ओटीपी यायच्या आधी मोबाईलचा टॉवरच बंद पडेल की काय, या भीतीने घाम फुटलेला अजून आठवतो.

कोणती कागदपत्रं काढून ठेवू?

आधार, दहावीची गुणपत्रिका, असेल तर शाळा सोडल्याचा दाखला, पात्रतेसाठी लागणारी शेवटची गुणपत्रिका, सवलत हवी असेल तर जातीचा दाखला, पासपोर्ट आकाराचा फोटो आणि कोऱ्या कागदावर काळ्या किंवा निळ्या शाईची सही. फोटो आणि सहीची फाईल लहान मागतात, साधारण १०० केबीच्या आत. मोबाईलवर काढलेला फोटो कितीतरी मोठा असतो, तो लहान करून घ्यावा लागतो. कागदाचा फोटो घेताना तो जमिनीवर ठेवून दिवसाउजेडी काढा. पंख्याखाली, ट्यूबलाइटमध्ये काढलेल्या फोटोत शिक्का कुठे आणि सावली कुठे ते कळत नाही.

आधारवर एक नाव, दहावीला दुसरं. काय करू?

हा प्रश्न एकटाच निम्म्या लोकांना अडवतो.

आपल्या बोर्डाच्या दहावीच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी येतं, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं. आधारवर उलटं. हा नुसता क्रमाचा फरक बहुतेक वेळा चालतो. अक्षरांचा फरक चालत नाही. लक्ष्मीच्या इंग्रजी स्पेलिंगमध्ये एका ठिकाणी ‘एक्स’ आणि दुसरीकडे ‘के-एस-एच’, सावंतच्या शेवटी कुठे ‘टी’ तर कुठे ‘टी-एच’. तुम्हाला दोन्ही तुम्हीच. संगणकाला त्या दोन बायका. माझा नियम असा: अर्जात नाव दहावीच्या गुणपत्रिकेप्रमाणे भरायचं आणि आधार त्याच्याशी जुळवून घ्यायचं. उलट करू नका. बोर्डाची गुणपत्रिका दुरुस्त करणं फार लांबचं काम आहे, आधारमधलं स्पेलिंग त्यामानाने लवकर होतं.

लग्नानंतर नाव बदललेल्या बायकांची तर दोन नव्हे, तीन नावं असतात. दहावीला माहेरचं, आधारला सासरचं, बँकेत कधी नवऱ्याचं नाव मध्ये तर कधी नाही. यात लाजण्यासारखं काही नाही, आणि ‘आता या वयात कशाला’ म्हणून अर्ज परत न्यायचंही कारण नाही. विवाह नोंदणीचा दाखला ग्रामपंचायतीत मिळतो. नोंदणी केली नसेल तर करून घ्या, ती तशीही लागतेच. नाव पूर्णच बदललं असेल, तर राज्याच्या राजपत्रात नावबदलाची प्रसिद्धी करता येते, त्याचा अर्ज ऑनलाइन असतो. हा कागद एकदा घरात आला की पुढे बँक, पासपोर्ट, वारसनोंद सगळीकडे कामाला येतो. मी बायकांना मुद्दाम सांगतो: प्रवेशाला अजून चार महिने आहेत तोवर हे उरका, कोर्स नंतर.

आणि प्रमाणपत्रावर कुठलं नाव छापायचं, हा निर्णय तुमचा. घरच्यांनी पलीकडच्या खोलीतून ओरडून सांगायचा नाही. आमच्याकडे एकीने माहेरचंच नाव ठेवलं. सासूबाईंनी दोन दिवस अबोला धरला, तिसऱ्या दिवशी स्वतःच प्रमाणपत्र फ्रेम करायला सांगितलं.

माझा मुलगा मुंबईत असतो. तो तिथून फॉर्म भरून देईल ना?

देईल, आणि तिथेच घोळ होईल. चाकरमान्यांनी प्रेमाने भरलेले अर्ज निस्तरण्यात माझा बराच वेळ जातो. ते स्वतःचा मोबाईल नंबर टाकतात, स्वतःचा ईमेल टाकतात. पुढे वर्षभर ओटीपी त्यांच्याकडे जातो. ते लोकलमध्ये लोंबकळत असतात आणि तुम्ही इकडे हॉलतिकीट काढायला बसलेले असता.

त्याहून वाईट म्हणजे अभ्यास केंद्र. यादीतलं पहिलं केंद्र दाबलं जातं आणि ते निघतं ठाण्यात. मग तुमचे स्वाध्याय, सत्रं, प्रात्यक्षिक सगळं ठाण्याला. केंद्र बदलून मिळतं, पण अर्ज, कारण, वाट पाहणं आलंच. मुलाला भरू द्या, फक्त तो भरत असताना तुम्ही फोनवर असा आणि नंबर तुमचाच द्या.

मग अभ्यास केंद्र कसं निवडायचं?

नकाशावर नका बघू, एसटीच्या वेळापत्रकात बघा. खाडीपलीकडचं केंद्र कावळ्याच्या उड्डाणाने चार किलोमीटर असतं आणि पुलाने वळसा घालून तीस. रविवारी सकाळी त्या गावाला जाणारी गाडी आहे का आणि संध्याकाळी परतीची आहे का, एवढं आधी विचारा. दुसरं, केंद्रात एकदा जाऊन या. केंद्र बहुधा एखाद्या कॉलेजात असतं. तिथला समन्वयक कोणत्या दिवशी भेटतो, तुमचा कोर्स तिथे खरोखर चालतो का की नुसता यादीत आहे, आणि या वर्षी किती जण आहेत, हे विचारा. एकटेच असाल तर सत्रं होण्याची आशा कमी.

संमंत्रण सत्रांना, म्हणजे केंद्रावरच्या शिकवणीच्या तासांना, गेलंच पाहिजे का?

पुस्तकी विषयांना बहुतेक ठिकाणी सक्ती नसते. प्रात्यक्षिक असलेल्या कोर्सना असते, तिथे हजेरी बुडवू नका. सक्ती नसली तरी पहिल्या सत्राला जा. संमंत्रकाचा नंबर मिळतो आणि सोबत शिकणारी दोन माणसं मिळतात.

प्रत्यक्ष अर्ज कसा भरायचा?

विद्यापीठाच्या अधिकृत प्रवेश पोर्टलवर स्वतःचं खातं उघडायचं. शोधून आलेल्या पहिल्या दुव्यावर लगेच दाबू नका, वर जाहिराती असतात. खातं उघडल्यावर वैयक्तिक माहिती, शिक्षण, कोर्स, केंद्र, कागदपत्रं आणि शेवटी फी, असा साधारण क्रम. प्रत्येक पान भरलं की जतन करा. पासवर्ड वहीत लिहा, वही देवघरात ठेवा. हसू नका, आमच्याकडे ती एकच जागा आहे जिथून काही हरवत नाही.

पूर्ण अर्जाची पीडीएफ काढून घ्या आणि जन्मतारीख दोनदा वाचा. तालुक्याच्या एका सेंटरवर घाईघाईत माझ्या भावाचा जन्म आठ वर्षं पुढे ढकलला गेला होता. प्रमाणपत्र आलं तेव्हा कागदोपत्री तो बारावीला असताना दहा वर्षांचा.

प्रवेश मान्य झाला की नोंदणी क्रमांक मिळतो. नाशिककडे त्याला कायम नोंदणी क्रमांक म्हणतात. तो पुढचा प्रत्येक कागद मागणार आहे, तेव्हा मोबाईलमध्येही ठेवा आणि कागदावरही.

पैसे कापले गेले, पावती आली नाही. परत भरू?

लगेच नको. आधी बँकेच्या मेसेजमधला व्यवहार क्रमांक टिपून घ्या, मग पोर्टलवर पेमेंटची स्थिती बघा. रेंज मध्येच गेली की पैसे बँकेतून सुटतात आणि विद्यापीठाकडे नोंद व्हायला वेळ लागतो. एखादा दिवस थांबा. दोनदा भरलेले पैसे परत मिळतात, पण ते यायला इतके दिवस लागतात की तुम्ही विसरून जाता.

एबीसी आयडी मागतायत. ते काय प्रकरण आहे?

श्रेयांकांची बँक. तुम्ही जिथे जिथे शिकाल तिथले श्रेयांक एका खात्यात जमा होतात; खात्याचा क्रमांक बारा आकडी असतो. डिजिलॉकरमध्ये आधारने पाच मिनिटांत निघतो. आधारला मोबाईल जोडलेला हवा, आणि इथेही वरचा नावाचा घोळ पुन्हा डोकं वर काढतो. दूरस्थ पदवीला प्रवेश घेणाऱ्यांना २०२४ पासून यूजीसीचा, म्हणजे विद्यापीठ अनुदान आयोगाचा, डीईबी आयडी हा दूरशिक्षणाचा क्रमांकही काढावा लागतो, तोही याच एबीसी आयडीच्या आधारे निघतो. अर्जात तो रकाना दिसला तर आधी तो काढून मग पुढे जा.

एक क्लासवाले म्हणतात, पैसे द्या, परीक्षेचं आम्ही बघतो.

दारातूनच परत पाठवा. दूरशिक्षणाचं केंद्र ठेका देऊन चालवायला यूजीसीची मनाई आहे. ज्याच्याकडे पैसे भरताय त्याचं नाव विद्यापीठाच्या स्वतःच्या केंद्रांच्या यादीत हवं, आणि फी थेट विद्यापीठाच्या पोर्टलवर जायला हवी. हाताने लिहिलेली पावती म्हणजे पावती नव्हे. अर्ज भरून देण्याचे शंभर-दोनशे रुपये कोणी घेतले तर ती त्याची मेहनत. ‘परीक्षेचं बघतो’ म्हणजे मेहनत नाही.

पुस्तकं घरी येतात का?

काही पोस्टाने घरी, काही केंद्रावर, काही नुसती पीडीएफ. पोस्टाने येणार असतील तर पत्ता पोस्टमन वाचेल असा लिहा: घर क्रमांक, वाडी, गाव, पोस्ट, तालुका, जिल्हा, पिन. ‘मंदिराजवळ’ लिहून चालत नाही, आपल्याकडे प्रत्येक घर कुठल्या ना कुठल्या मंदिराजवळच आहे. गाव एक आणि पोस्ट दुसरं असेल तर पिन पोस्टाचा टाका. पावसात आलेला गठ्ठा त्याच दिवशी उघडून वाळवा, नाहीतर आठ दिवसांत बुरशी.

मी कॉलेजात आहे. सोबत हे चालेल का?

चालेल. एका वेळी दोन पदव्यांनाही यूजीसीने एप्रिल २०२२ मध्ये मुभा दिली. परीक्षेच्या तारखा आपटल्या तर मात्र तुमचं तुम्ही बघायचं.

नाव नोंदवलं. आता थेट परीक्षेला जायचं ना?

नाही, आणि इथे दरवर्षी कोणीतरी अडकतं. इग्नूत स्वाध्याय हाताने लिहून ठरलेल्या मुदतीत द्यावे लागतात, आणि परीक्षेचा अर्ज वेगळा भरावा लागतो, वेगळी फी भरून. प्रवेशाची पावती दाखवून परीक्षेला बसता येत नाही. एखादी परीक्षा हुकली तर आकाश कोसळत नाही. सहा महिन्यांचा कोर्स पुरा करायला इग्नू जास्तीत जास्त दोन वर्षं देतं. घरात आजारपण, लग्नकार्य, वादळ काहीही आलं तरी पुढच्या सत्राला बसा.

या प्रमाणपत्राने नोकरी लागते का?

एवढ्यावर, नाही. खोटं कशाला सांगू? कामात असलेल्याला उपयोग होतो. हिशेब शिकलेली होमस्टेवाली पाहुण्यांच्या बिलात पैसे सोडत नाही, मधमाशांचं शिकलेला माणूस पोळं जाळत नाही. परवाने मात्र वेगळे. आमसूल, फणसपोळी, आंबावडी विकायची तर अन्नसुरक्षेची नोंदणी लागते, ती कुठल्याही प्रमाणपत्रात मिळत नाही. आणि कोर्स शेतीचाच हवा असेल तर आपलं दापोलीचं कृषी विद्यापीठ आधी बघा. १९७२ पासून ते या मातीचं काम करतंय, आणि प्रत्यक्ष कलम हातात घेऊन शिकायची मजा पोस्टाच्या पुस्तकात नाही.

तुम्ही फॉर्म भरून द्याल का?

देईन. संध्याकाळी सहाच्या पुढे या. मूळ कागद, आधारला जोडलेला मोबाईल आणि तो चार्ज करून आणा. वाचनालयात एकच प्लग आहे आणि त्यावर माझा लॅपटॉप असतो. गणपतीत येऊ नका, मी आरतीत असेन.